जुन्या एस्टीमच्या दारांची आणि डिकीची लॉकं : पूर्ण सेट टाकावा की आहे तेच दुरुस्त करावं?

टिळकवाडी_एस्टीम
नमस्कार मंडळी. वडिलांची १९९९ ची मारुती एस्टीम अजून रोजच्या वापरात आहे, केए-२२ (बेळगाव) पासिंग. इंजिन ठणठणीत. पंधरा वर्षं झाल्यावर २०१४ ला, मग २०१९ ला आणि परत २०२४ ला रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालंय, म्हणजे २०२९ पर्यंत तरी ती घरातून हलत नाही. दुखणं आहे ते लॉकांचं.

ड्रायव्हरच्या दारात चावी जाते, फिरते, खरं आतला नॉब वर येत नाही. डाव्या दारात चावी जाते आणि फिरतच नाही. डिकीची तर वेगळीच तऱ्हा, एकानं वरून दाबून धरायची आणि दुसऱ्यानं चावी फिरवायची. इग्निशन मात्र चोख. सध्या मागचं एक दार लॉक न करताच गाडी लावतो.

गॅरेजवाला म्हणतो पूर्ण सेट टाका : दोन दारं, डिकी, इग्निशन, सगळं एका चावीत. चांगलं चालणारं इग्निशन उपटून काढायला माझं मन होत नाही. आणि नुसती दारं, डिकी बदलली तर खिशात चाव्यांचा जुडगा होणार. आपल्या भागात कुणी केलंय का हे काम?

गोवावेसचा_गडी
काय ओ, १९९९ च्या एस्टीमला लॉक कशाला? दार उघडं टाकून खडेबाजारात लावा. चोर आत बसून तुमचीच वाट बघत असेल, मागनं ढकलायला.

खानापूरवाला
हसण्यावारी नेऊ नका ओ. गाडी कोण नेत नाही, खरं स्टेपनी, जॅक आणि बॅटरी नेतात की. बॉनेटची कळ आतच असते. दार उघडं म्हणजे बॅटरी रस्त्यावर ठेवल्यासारखीच.

उद्यमबाग_टर्नर
तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्ही वेगळ्या आहेत. तिन्हींना एकच औषध देणारा गॅरेजवाला मला पटत नाही.

१) चावी फिरते, नॉब हलत नाही. इथं लॉक बिचारं ठीक असतं बहुतेक. बॅरलच्या, म्हणजे चावी जाते त्या नळकांड्याच्या, शेपटाला एक पट्टी असते, तिच्यातून सळई लॅचकडे, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या खटक्याकडे, जाते. ही सळई प्लास्टिकच्या बारक्या क्लिपनं धरलेली असते. पंचवीस वर्षांत ती क्लिप कडक होऊन तुटते आणि सळई लोंबकळत राहते. नाहीतर शेपटावरची सर्कलिप (पट्टी धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) उडालेली असते. दोन्ही दुरुस्त्या चिल्लरमध्ये होतात, कष्ट आहेत ते दाराचं पॅड (आतलं आवरण) काढण्याचे.

२) चावी जाते, फिरत नाही. हे मात्र आतलं दुखणं. बॅरलमध्ये पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली केसाएवढी स्प्रिंग. बरोबर चावी घातली की सगळ्या पट्ट्या बॅरलच्या अंगाला सपाट येतात, तेव्हाच बॅरल फिरतं. एखादी वर राहिली की बसलं अडून. डावीकडचं लॉक वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही, त्यामुळे तिथं पट्ट्या धुळीनं आणि वाळलेल्या ग्रीसनं जागच्या जागी बसतात. नाहीतर तुमची चावी झिजलीय. इग्निशन रोज त्याच चावीनं झिजतं, दोघांचं जमतं. डावं लॉक अजून कारखान्यातलंच आहे, त्याला झिजलेली चावी ओळखू येत नाही.

३) डिकी दाबली की उघडते. याचा बॅरलशी संबंधच नाही. खालचा हूक लॅचला ताण देऊन बसलाय. डिकीचं रबर नवीन घातलंय का अलीकडे? की मागनं कुणी ठोकलंय?

टिळकवाडी_एस्टीम
अरे देवा! रबर गेल्या पावसाळ्याआधी नवीनच घातलंय, पाणी आत येत होतं म्हणून.

उद्यमबाग_टर्नर
मग झालं की. नवीन रबर जाड असतं, झाकण वर ढकलतं. हुकाचे बोल्ट सैल करा, जागा केसभर बदला, घट्ट करा, बघा. आधी पेन्सिलनं जुन्या जागेची खूण करून ठेवा म्हणजे परत येता येतं. लॉक बदलून हे दुखणं जाणार नाही, नवं लॉकही तसंच अडेल.

निपाणीकर
एवढा अभ्यास कशाला? आमच्या झेनला मी सरळ कोल्हापुरातून सेट आणला. निपाणी म्हणजे अर्ध्या वाटेवर, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी. सगळी लॉकं नवी, एक चावी, विषय संपला. जुनं बॅरल उघडून पट्ट्या मोजत बसणाऱ्याचा दिवस फुकट जातो त्याचे पैसे कोण देतंय?

टिळकवाडी_एस्टीम
निपाणीकर, इग्निशनपण बदललं का?

निपाणीकर
होय. त्याचे दोन बोल्ट डोकं नसलेले असतात, बसवताना डोकं तुटूनच जातं. मेकॅनिकनं छिन्नी मारून फिरवून काढले. तास गेला त्यात. खरं झालं.

उद्यमबाग_टर्नर
डोकं मुद्दाम तुटतं ओ, चोराला स्पॅनर लावता येऊ नये म्हणून. आणि छिन्नी मारताना स्टिअरिंग कॉलमला दणके बसतात ते वेगळंच. चालणारं इग्निशन काढू नये या मतावर मी ठाम आहे.

कॅम्प_कॉर्नर
तुम्ही सगळे कुठल्या काळात आहात? रिमोटचं सेंट्रल लॉकिंग बसवा. ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरची मोटर, बाकीच्या तीन दारांना दोन वायरच्या. बटण दाबलं की खटॅक. चावीचं भोक राहू द्या शोभेला.

जांबोटीचा_पाऊस
कॅम्प_कॉर्नर, तुमची बॅटरी कधी बसली नाही वाटतं! आमच्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या पावसात गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी मान टाकते. रिमोट गप्प, बॉनेटची कळ आत, चावीचं भोक शोभेचं. मग काच फोडायची? सेंट्रल लॉक बसवा, हरकत नाही, खरं एक तरी बॅरल जितं पाहिजे. आणि तुमच्या पाच वायरच्या मोटरला त्याच सळया ओढायच्या असतात. सळईची क्लिप तुटलेली असेल तर मोटर नुसती टकटक करते.

दुसरं, जो कुणी दाराचं पॅड काढेल त्याला हात जोडून विनंती. आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो तो फाडून फेकू नका. काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आत येतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, तो कागद ते पाणी पॅडपासून अडवतो. मेकॅनिक पोरं कागद टराटरा फाडतात, मग पहिल्याच पावसात पॅडचा पुठ्ठा फुगतो आणि गाडीत कुबट वास. खालची भोकंही तारेनं मोकळी करा, चोर्ल्याच्या लाल मातीनं बुजलेली असतात.

शहापूर_मागवाला
लॉकात तेल कुठलं घालता त्यावर पण बोला की. आमच्यात लोक खोबरेल घालतात! खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. बेळगावात डिसेंबरची सकाळ केवढी गार असते माहीत आहे ना? लॉकात तुपासारखं थिजून बसतं, वर धूळ धरतं. मागाला आम्ही कधी खोबरेल घालत नाही, लॉकाला का घालावं?

वडगावची_वर्षा
शिलाई मशीनचं तेल? माझ्या स्कूटीच्या डिकीला घालते, छान चालतं.

शहापूर_मागवाला
खोबरेलापेक्षा शंभर पटीनं बरं. खरं पातळ असलं तरी तेल ते तेल, धूळ चिकटतेच. सगळ्यात उत्तम ग्राफाइटची कोरडी पूड. मिळाली नाही तर सहा बी ची पेन्सिल चावीवर दोन्ही बाजूंनी घासा, चावी आतबाहेर करा, परत घासा.

खानापूरवाला
आणि डब्ल्यूडी-४०?

उद्यमबाग_टर्नर
ते धुवायला चांगलं, वंगण म्हणून टिकत नाही. आधी त्यानं घाण फोडा, पूर्ण वाळू द्या, मग ग्राफाइट. ओल्यात पूड टाकली की काळा चिखल होतो, तो आधीच्या घाणीपेक्षा वाईट.

गोवावेसचा_गडी
लॉकवरून आठवलं. आमच्या मामांची पांढरी मारुती ८००. एका लग्नाला कार्यालयाबाहेर ओळीनं पांढऱ्या ८०० उभ्या. मामांनी जेवण केलं, पान खाल्लं, चावी लावली, दार उघडलं, गाडी सुरू केली, आर.पी.डी. कॉर्नरपर्यंत गेले. मामी म्हणाल्या, अहो आपल्या गाडीत गणपती होता, हा मारुती कुठला? परत नेऊन लावली. त्या गाडीचा मालक अजून पंक्तीत बसलेला, त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

वडगावची_वर्षा
मारुतीत मारुतीच असायचा की ओ :)

चिकोडी_तेवीस
ही गोष्ट मी चिकोडीत, संकेश्वरात आणि गोकाकात ऐकलीय, दर वेळी मामा वेगळे.

गोवावेसचा_गडी
मामांच्या नावाची शपथ. करदंटाची पैज?

उद्यमबाग_टर्नर
मामा खरे असोत की खोटे, गोष्ट घडण्यासारखी आहे. पट्ट्यांच्या उंचीचे प्रकार मोजकेच असतात, साधारण चारेक. लाखोंनी गाड्या बनल्या म्हणजे चाव्यांचे नमुने परत परत येणारच. त्यात चावी झिजली, लॉक झिजलं, की एकाची चावी दुसऱ्याला चालते.

आणि याच कारणानं एक सावधगिरी सांगतो. फूटपाथवरचे काही चावीवाले अडलेलं लॉक सोडवायला वर आलेल्या पट्ट्या कानशीनं घासून सपाट करतात. लॉक लोण्यासारखं फिरायला लागतं, गिऱ्हाईक खूश, पैसे देऊन जातो. खरं त्या लॉकात आता तुमची चावी, शेजाऱ्याची चावी आणि कदाचित स्क्रूड्रायव्हरपण फिरेल. कानस चावीला लावायची, पट्टीला नाही.

चिकोडी_तेवीस
आमच्या इंडिकाचं हेच केलंय बहुतेक. घराच्या कपाटाची चावी चालते. बायको म्हणते सोय झाली.

हिंडलगा_निवृत्त
मी विमा क्षेत्रातून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन शब्द. गाडीचा सर्वंकष विमा असेल आणि गाडी चोरीला गेली, तर कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागते. लॉक बदलल्यावर जुन्या चाव्या दाखवल्या तर प्रश्न उभे राहतात. म्हणून लॉक बदलल्याचं पक्कं बिल घ्यावं, जुन्या चाव्या टाकू नयेत आणि कंपनीला एक पत्र द्यावं. चाव्या हरवल्यामुळे लॉक बदलत असाल तर आधी पोलिसांत नोंद करा. कर्नाटक पोलिसांकडे हरवलेल्या वस्तूंसाठी ई-लॉस्टची सोय आहे, घरबसल्या होते.

आरटीओत मात्र काही कळवायला लागत नाही. आरसीवर चासी आणि इंजिनाचा नंबर असतो, लॉकाचा नसतो.

आणि पंचवीस वर्षांच्या गाडीला बहुतेक लोक फक्त थर्ड पार्टी काढतात. त्यात चोरीची भरपाई मुळातच मिळत नाही. तेव्हा एस्टीमवाले, आधी तुमची पॉलिसी काढून वाचा.

टिळकवाडी_एस्टीम
थर्ड पार्टीच आहे काका. म्हणजे लॉक हाच विमा.

निपाणीकर
म्हणून म्हणतो नवं लॉक घाला.

जांबोटीचा_पाऊस
निपाणीकरांना कोल्हापूरच्या दुकानदाराकडून कमिशन आहे काय?

निपाणीकर
कमिशन कसलं, कोगनोळीच्या टोलनाक्याला माझाच पैसा जातो. खरं एक सांगा, बेळगावात एस्टीमचं अस्सल लॉक मिळतं का? कंपनीनं २००७ ला गाडीच बंद केली. डीलरकडं विचारलं तर संगणकात बघून मान हलवतात.

कॅम्प_कॉर्नर
मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांचा माल मिळतो. ओळखीचा कुणी असेल तर मागवा. मात्र भंगारातलं लॉक त्याच्या चावीसकट घ्या.

उद्यमबाग_टर्नर
हे बरोबर बोललात. चावी नसलेलं लॉक म्हणजे पेपरवेट.

एस्टीमवाल्यांसाठी क्रम सांगतो, कारण धागा मामांकडं गेला.

आधी चावी. घासलेल्या चावीवरून नकल काढू नका, झीजसुद्धा नकलेत उतरते. मग त्या नकलेची नकल, असं करत चावी दर पिढीला बारीक होते. नवीन गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्यात नंबर ठोकलेली पत्र्याची बारकी पट्टी यायची. घरातल्या जुन्या पाकिटात, सर्व्हिस बुकाच्या कव्हरात शोधा. काही गाड्यांत नंबर दाराच्या बॅरलवरही ठोकलेला असतो. नंबर गावला तर चावी नंबरावरून कापता येते, म्हणजे कारखान्यातून आली तशी. अर्धं दुखणं तिथंच जातं. तुमच्या वयाच्या गाडीत चावीत चिप नसावी. असती तर नुसती कापून भागलं नसतं, चावी फिरली असती आणि इंजिन सुरू झालं नसतं.

मग दार. काच पूर्ण वर घ्या. काचेचा हँडल काढायला जुनं फडकं हँडल आणि पॅडच्या मध्ये घालून बूट पॉलिश केल्यासारखं डावं-उजवं ओढा, आतली क्लिप उडून बाहेर येते. कुठं उडते ते बघणारा एक माणूस शेजारी ठेवा. हातटेकूचे स्क्रू, आतल्या हँडलची वाटी, मग पॅड कडेनं उचलत या. हातात मोजे घाला, दाराच्या आतला पत्रा ब्लेडसारखा कापतो. बॅरल यू आकाराच्या पत्र्याच्या क्लिपनं धरलेलं असतं, पकडीनं ओढली की बॅरल बाहेरून सुटतं.

बॅरल उघडायचं झालं तर चावी आत ठेवूनच ओढा, नाहीतर पट्ट्या आणि स्प्रिंगा घरभर. मी ते काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतो. वरची चकचकीत टोपी कडेनं दाबून बसवलेली असते, ती अलगद उचकटा. फाटली की धूळ सरळ आत. बॅरलचं घर जस्ताच्या डाय-कास्टिंगचं असतं, त्यावर वेल्डिंग धरत नाही. चीर गेली असेल तर तिथं मात्र नवीनच घ्यायचं, मी भांडणार नाही.

नवीन घेतलं तरी जुडगा टाळता येतो. नव्या बॅरलमधल्या पट्ट्या काढून तुमच्या इग्निशनच्या चावीप्रमाणे परत लावायच्या. पट्टीवर नंबर असतो. चावी घातल्यावर जी पट्टी अंगाबाहेर डोकावते ती चुकीची, तिच्या जागी दुसऱ्या नंबराची घाला. दोन दारांची दोन बॅरलं घेतली की पट्ट्यांचा साठा दुप्पट होतो, त्यातून बरंचसं जुळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दार बंद करून बघू नका! उघड्या दारातच लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर दाबून तो बंद करा, मग चावीनं उघडतोय का बघा. डिकीचंही तसंच. डिकी बंद झाली आणि उघडेना, तर मागच्या सीटची पाठ काढून आत शिरावं लागतं.

वडगावची_वर्षा
हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवते. गाडी नाही, तरी.

गोवावेसचा_गडी
उद्यमबाग काका, फाउंड्री सोडून क्लास काढा. फी म्हणून कुंदा देतो.

टिळकवाडी_एस्टीम
काम झालं, म्हणून लिहूलालोय.

डिकीचा हूक किंचित वर घेतला. एका बोटानं उघडते. लॉक तेच.

ड्रायव्हरचं दार उघडलं तर सळईची क्लिप तुटलेलीच होती. खरं बॅरलपण संपलेलं. अर्धवट फिरवलेली चावी तशीच बाहेर येत होती. डावं बॅरल धुतलं, ग्राफाइट घातलं, तरी एक स्प्रिंग मेलेली. मग दारांची नवी जोडी आणली. चाव्यांची नंबरपट्टी वडिलांना माहीत होती. ते म्हणाले, "विचारलं असतंस तर कधीच दिली असती." पट्टीवरून चावी कापली आणि त्याच चावीला दोन्ही नवी बॅरलं जुळवली. एका बॅरलात एक नंबर काही केल्या मिळेना, तेवढी एक जागा रिकामी सोडलीय. चालेल ना काका? इग्निशनला हात लावला नाही.

निपाणीकर
म्हणजे शेवटी नवी लॉकंच घातली! मी काय म्हणूलालो होतो?

उद्यमबाग_टर्नर
डिकी आणि इग्निशन वाचलं ते कुणामुळे? असो, दोघांनाही अर्धा अर्धा करदंट.

एक जागा रिकामी चालते, कारखान्याबाहेर सगळे करतात. दोन रिकाम्या सोडू नका. आणि नव्या चावीची लगेच एक नकल काढा, रोज ती वापरा, पुढच्या नकला मूळ चावीवरूनच. मूळ चावी रोज वापरायचीच नाही.

जांबोटीचा_पाऊस
प्लास्टिकचा कागद परत चिकटवला का?

टिळकवाडी_एस्टीम
ड्रायव्हरचा आधीच कुणीतरी फाडलेला होता. जाड प्लास्टिक कापून नवीन लावला, डाव्याचा जुनाच बसला.

चिकोडी_तेवीस
उद्यमबाग काका, आता आमच्या इंडिकाचं बघा की. कपाटाची चावी चालते ते राहू दे, खरं मागचं दार आतनंच उघडत नाही. हे पण लॉकच काय?

उद्यमबाग_टर्नर
मागच्या दाराच्या कडेला, लॅचच्या जवळ, बारका खटका आहे बघा. बाळलॉक. पोरानं खाली ओढून ठेवला असेल.

चिकोडी_तेवीस
होय, तेच होतं. बायकोला सांगत नाही, गॅरेजला जातो म्हणून निघालोय.